शेजारचे आसन

गेल्या उन्हाळ्यातल्या एका दुपारी तुर्भ्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका गॅरेजात आम्ही गेलो, तेव्हा गाडी लोखंडी घोड्यांवर चढवलेली होती आणि तिच्यातले एक आसन बाहेर काढून भिंतीला टेकवून ठेवलेले होते. काळे, उंच खांद्यांचे, बसणाऱ्याला दोन्ही बाजूंनी कवेत घेणारे असे ते आसन. त्याच्या उजव्या कडेचे कापड झिजून पांढरे पडले होते. नऊ वर्षे एका बाईचा उजवा कोपर त्या जागी घासत होता आणि ती बाई आमची विद्यार्थिनी होती.

आरंभीच एक खुलासा केलेला बरा. या लेखातील ‘आम्ही’ आदरार्थी नाही आणि संपादकीयही नाही. नवी मुंबईतल्या एका महाविद्यालयाच्या मराठी विभागात आम्ही दोघे गेली सतरा वर्षे शिकवीत आहोत. एकाकडे मध्ययुगीन वाङ्मय आणि व्याकरण, दुसरीकडे आधुनिक गद्य आणि नाटक. मोटारींच्या शर्यतींशी आमचा संबंध विचाराल तर आमच्यापैकी एकाला वाहन चालवताच येत नाही आणि दुसरी पामबीच रस्त्यावर सर्वांत डावीकडच्या मार्गिकेतून जाते. तरीही आम्ही तिथे गेलो, याचे कारण दूरध्वनीवर ऐकलेले एक वाक्य. “मॅडम, तुम्ही आम्हांला रूपांतराचा पेपर शिकवला होता ना? आमच्या गाडीचं रूपांतर चाललंय. सरांना घेऊन बघायला या.”

ही मुलगी दहा-अकरा वर्षांपूर्वी आमच्याकडे एम. ए. झाली. तिचा थोरला भाऊ मेकॅनिक; तुर्भ्याचे गॅरेज त्याचे. त्याने रॅलीसाठी तयार केलेली एक जुनी मारुती एस्टीम दुसऱ्या एका चालकाकडून विकत घेतली आणि शेजारी बसायला कोणी मिळेना म्हणून बहिणीला बसवले. नाशिककडच्या मातीच्या वाटांपासून चिकमगळूरच्या कॉफीच्या मळ्यांपर्यंत दोघे भाऊबहीण त्या गाडीतून धावले. फार मोठे यश मिळाले नाही. पुण्याचे संजय टकले यांच्यासारखे चालक आशिया-पॅसिफिकच्या रॅलींपर्यंत पोहोचले. ही मंडळी त्या वाटेवरची मागच्या रांगेतली, स्वतःच्या खर्चाने धावणारी. आता ती गाडी रॅली सोडून रॅलीक्रॉससाठी तयार केली जात होती आणि या नव्या प्रकारात शेजारच्या आसनाला जागाच नसते.

जाण्यापूर्वी आम्हांला हे दोन शब्द एकाच वस्तूची दोन नावे वाटत होते. गॅरेजातल्या चहाच्या दोन पेल्यांच्या अवधीत कळले की त्यांच्यात कादंबरी आणि नाटक यांच्याइतके अंतर आहे. ही उपमा आमच्या धंद्याची असली तरी ती केवळ शोभेची नाही. म्हणून थोडे तपशिलाने सांगतो.

रॅली म्हणजे रस्त्याशी झुंज. गाड्या काही मिनिटांच्या अंतराने एकेक करून सुटतात. ज्या टप्प्यावर वेळ मोजली जाते तो रस्ता इतरांसाठी बंद असतो. पण एका टप्प्यापासून दुसऱ्या टप्प्यापर्यंत हीच गाडी सामान्य वाहतुकीतून, सिग्नल पाळीत, चारचौघींसारखी जाते. त्यामुळे तिला क्रमांकाची पाटी लागते, दिवे लागतात, भोंगा लागतो, विमा लागतो. प्रतिस्पर्धी दिसत नाही. तो पुढे कुठेतरी धुळीत असतो किंवा मागे. दिसतो तो फक्त पुढचा शंभर पावलांचा रस्ता, आणि त्यापलीकडचा रस्ता शेजारी बसलेला माणूस वाचून दाखवतो.

होय, वाचून. शर्यतीच्या आधी चालक आणि नॅव्हिगेटर तोच मार्ग संथ गतीने पाहून येतात. चालक वळणावळणाला सांगतो, शेजारचा वहीत लिहितो. दुसऱ्या खेपेस लिहिलेले पडताळून पाहतात. मग प्रत्यक्ष शर्यतीत ती वही मांडीवर ठेवून, डोके हादरत असताना, शिरस्त्राणातल्या ध्वनिक्षेपकातून एका श्रोत्यासाठी ती संहिता वाचायची. चालक या वळणावर असताना पुढच्या वळणाचे शब्द त्याच्या कानी पडले पाहिजेत. फार आधी वाचले तर तो विसरतो आणि उशिरा वाचले तर ऐकायला उरत नाही.

या वाचनाला एक इतिहासही आहे. १९५५ साली इटलीतल्या मिल्ले मिल्या या सुमारे सोळाशे किलोमीटरच्या शर्यतीत स्टर्लिंग मॉस यांच्या शेजारी डेनिस जेन्किन्सन नावाचा एक पत्रकार बसला होता. त्याने सगळ्या मार्गाची टिपणे सुमारे अठरा फूट लांबीच्या कागदाच्या गुंडाळीवर उतरवली आणि ती गुंडाळी एका अॅल्युमिनियमच्या पेटीत बसवली. पत्रिकेची भेंडोळी उलगडावी तशी तो ती फिरवीत होता. उघड्या मर्सिडीजच्या आवाजात बोललेले ऐकू येणे शक्य नव्हते, म्हणून हातांच्या खुणा ठरवल्या होत्या. दहा तास सात मिनिटे आणि काही सेकंदांत ते दोघे जिंकून परत आले. भेंडोळी वाचणारा लेखणीचा माणूस होता, हे आमच्या विद्यार्थिनीनेच आम्हांला सांगितले, आणि सांगताना तिच्या चेहऱ्यावर जरा अभिमान होता.

तिच्या स्वतःच्या वह्या गॅरेजातल्या एका पत्र्याच्या पेटीत होत्या. त्या तिने आमच्यापुढे ठेवल्या आणि पुढचा तासभर आम्ही गाडीकडे पाहिलेच नाही. सगळी टिपणे मराठीत! पहिल्या वहीत तिने ‘उजवीकडे’, ‘डावीकडे’ असे पूर्ण शब्द लिहिलेले होते. चार-पाच अक्षरे उच्चारीपर्यंत वळण संपे. दुसऱ्या वहीत ‘उ’ आणि ‘डा’ आले. पण इंजिनाच्या घरघरीत ‘उ’ विरून जाई. शेवटी ‘उज’ आणि ‘डाव’ ठरले. वळण किती तीव्र ते एक ते सहा या आकड्यांत. पुढे गेल्यावर घट्ट होणाऱ्या वळणाला ‘आवळतं’, मोकळे होणाऱ्याला ‘सुटतं’. पलीकडचे दिसत नाही अशा उंचवट्याला ‘आंधळा माथा’. ‘उज चार, लांब, आवळतं, पन्नास, डाव तीन, आंधळा माथा’ अशी पानेच्या पाने. एका वळणापुढे कंसात ‘वड’ एवढेच लिहिले होते.

व्याकरण शिकवणाऱ्या आमच्यापैकी एकाला जन्माचा धडा मिळाला तो पुढच्या गोष्टीत. काही वळणे आतल्या कडेने कापता येतात, काही कापायची नसतात, कारण आत दगड किंवा चर असतो. इंग्रजीत वाचणारे नकार आधी उच्चारतात. तिने सरळ मराठी केले आणि लिहिले, ‘कापू नको’. पहिल्याच मोसमात एका वळणावर भावाच्या कानी ‘कापू’ पोहोचले, ‘नको’ येईपर्यंत त्याने गाडी आत घातली होती. पुढचे चाक गेले, सस्पेन्शनचा आर्म गेला, रॅली तिथेच संपली. मराठीत आज्ञार्थातला नकार क्रियापदाच्या मागून येतो, हे आम्ही तिला वर्गात शिकवले होते; त्याची किंमत काय असते ते तिने आम्हांला शिकवले. त्यानंतर तिच्या वह्यांत ‘कापू नको’ कुठेच नाही. त्या जागी ‘बाहेर’ असा एकच शब्द आहे. भाषेच्या स्वभावाविषयीचे इतके नेमके निरीक्षण परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत आमच्या पाहण्यात आलेले नाही.

आता रॅलीक्रॉस. त्याची जन्मतारीख नक्की सांगता येते: ४ फेब्रुवारी १९६७, शनिवार, इंग्लंडच्या केंट परगण्यातले लिडन हिल. आयटीव्ही या वाहिनीच्या शनिवारच्या क्रीडा-कार्यक्रमासाठी ही शर्यत योजली होती आणि पोर्शे ९११ घेऊन आलेल्या व्हिक एल्फर्डने ती जिंकली. रॅली दूरचित्रवाणीला अडचणीची होती. शेकडो मैल पसरलेली, रात्रीबेरात्री चालणारी. म्हणून रॅलीच्या गाड्या आणून एका लहानशा बंदिस्त मार्गावर, काही भाग डांबराचा, काही मातीचा, प्रेक्षकांच्या नजरेसमोर पळवायच्या, अशी ही युक्ती. साधारण एक किलोमीटरची फेरी, चार ते सहा फेऱ्या, चार-पाच गाड्या एकाच रेषेवरून एकदम सुटणार. पाचेक मिनिटांत सगळे आटोपते. गाड्या एकमेकींना घासतात, ढकलतात, पुढचीचा चिखल मागचीच्या काचेवर येतो. शेजारी कोणी नाही, वही नाही. मार्ग इतका छोटा की दोन फेऱ्यांत पाठ होतो, मग वाचायचे काय?

आमच्या पेपरात आम्ही दरवर्षी सांगतो की कादंबरीचे नाटक करताना पहिला बळी निवेदकाचा जातो. श्री. ना. पेंडसे यांनी ‘गारंबीचा बापू’ आणि ‘रथचक्र’ या आपल्याच कादंबऱ्यांची नाटके केली, तेव्हा त्यांच्यापुढेही हाच प्रश्न असणार: कादंबरीत वाचकाच्या शेजारी बसून जो पुढचा रस्ता सांगत असतो, त्याचे रंगमंचावर काय करायचे? तिथे पात्रे समोरासमोर येतात, अवधी दोन-अडीच तासांचा असतो आणि सगळे प्रेक्षकांच्या डोळ्यांदेखत घडावे लागते. रॅलीचा प्रेक्षक वळणावर तासभर ताटकळतो आणि गाडी त्याला दोन पळे दिसते. रॅलीक्रॉसचा प्रेक्षक एका जागी बसून आरंभ, संघर्ष आणि शेवट पाहतो. गॅरेजातल्या त्या भिंतीला टेकवलेल्या आसनाकडे पाहताना आम्हांला प्रथमच असे वाटले, की निवेदक गेला असे आपण किती सहज म्हणतो! तो कुठे गेला, हे विचारायचे आम्हांला सतरा वर्षांत सुचले नव्हते.

रॅलीच्या गाड्यांना रॅलीक्रॉसमध्ये दुसरा जन्म मिळाल्याची सर्वांत प्रसिद्ध कथा १९८६ नंतरची आहे. ‘ग्रुप बी’ नावाच्या वर्गातल्या त्या गाड्या. दोनशे नग बांधले की मान्यता मिळे आणि ताकदीला फारसा लगाम नसे. १९८६च्या मार्च महिन्यात पोर्तुगालच्या रॅलीत एक गाडी गर्दीत घुसली आणि प्रेक्षक मृत्युमुखी पडले. त्याच वर्षी २ मे रोजी कॉर्सिका बेटावर लँचिया डेल्टा एस-४ दरीत जाऊन पेटली. हेन्री तोइव्होनेन गेला, असे सगळे सांगतात. त्याच्या शेजारी बसलेला सर्जिओ क्रेस्तोही गेला, हे नाव मुद्दाम शोधावे लागते. आमच्या विद्यार्थिनीला मात्र ते पाठ होते. त्या वर्षाअखेरीस या गाड्या जागतिक रॅलीतून बाद झाल्या.

जिला रस्त्यावर बंदी झाली तिला आखाड्यात जागा मिळाली. १९८७ पासून युरोपीय रॅलीक्रॉस स्पर्धेत या गाड्यांचेच राज्य होते. पहिल्या वर्षी सेप्पो नीत्तिमाकी आणि पुढची तीन वर्षे मात्ती आलामाकी हे दोघे फिनिश चालक प्यूजो २०५ टी-१६ घेऊन विजेते झाले. १९९१ साली नॉर्वेच्या मार्टिन शांकेने फोर्डच्या आरएस-२०० गाडीने बाजी मारली. १९९२ साली इंग्लंडच्या विल गॉलपने एमजी मेट्रो ६आर४ घेऊन. या शेवटच्या गाडीचे उदाहरण रूपांतराच्या अभ्यासकाला उपयोगी आहे. रॅलीत तिचे इंजिन टर्बोविना, साध्या श्वासावर चालणारे होते. गॉलपने त्याला दोन टर्बो जोडले. पाच मिनिटांच्या शर्यतीत इंजिनाला पाचच मिनिटे जगायचे असते. मग ताकद दाबून ठेवण्याचे कारण उरत नाही. दीर्घ पल्ल्यासाठी राखलेला संयम हा गुण दुसऱ्या प्रकारात ओझे ठरतो. १९९२नंतर तिथूनही या गाड्या बाहेर पडल्या. दुसरा जन्म सहा मोसमांचा.

“एवढ्या लांबचं कशाला सांगतेस त्यांना?” भाऊ गाडीखालून म्हणाला. “आपली काय ती मेट्रो आहे का? पंच्याऐंशी घोडे.” मग बाहेर येऊन हात पुसत त्याने आम्हांला गाडी दाखवली. एस्टीम, १२९८ घनसेंटीमीटरची, पुढच्या चाकांवर ओढणारी. कुणाच्याही काकांकडे एके काळी होती तशीच. काय काय काढले त्याची यादी तो बोटांवर मोजत होता: सुटे चाक, त्याची चौकट, जॅक, चाळीस लिटरची टाकी, तिच्या जागी छोटी, पुढचे दिवे, त्यांच्या खाचांवर पत्रा, भोंगा, मागची पाटी उजळणारा दिवा, अंतर मोजणारे यंत्र, वही वाचण्यासाठी लावलेला लवचिक मानेचा लहान दिवा. आणि काय जोडले: दारांच्या आत आडव्या नळ्या, कारण आता धक्का शेजारून येणार; रेडिएटरपुढे चिखल अडवणारी जाळी; बाजूंना काचेऐवजी पॉलिकार्बोनेट; उभ्या जागेवरून झेपावता यावे म्हणून आखूड गिअर आणि नवा क्लच, जो कुर्ल्याच्या सीएसटी रस्त्यावर तीन दिवस हिंडून मिळाला.

“आणि हिच्या जागी?” आम्ही विचारले.

“बॅटरी,” तो म्हणाला. “चालक उजवीकडे. ही उठली की गाडी एका अंगाला हलकी पडते. पुढची बॅटरी काढून इथं खाली बसवली. तरी पुरत नाही, म्हणून आग विझवायची नळकांडीपण डावीकडेच.”

“दादानं मला बॅटरीच्या वजनाची ठरवलं,” ती हसत म्हणाली. तो हसला नाही. त्याने नुसते, “तायडे, चहा सांग,” म्हटले आणि पुन्हा गाडीखाली गेला.

ती चहा सांगायला गेल्यावर तोच खालून बोलू लागला, जणू आमच्याशी नव्हे, इंजिनाशी. एका रॅलीसाठी पाच-सहा दिवस गॅरेज बंद ठेवावे लागते. आधी मार्ग पाहायला जायचे, राहायचे, मदतीला दोन पोरे न्यायची, टायर फाटतात ते वेगळेच. बँकेचे हप्ते थांबत नाहीत. रॅलीक्रॉसच्या धर्तीवर एका क्लबाने स्पर्धा ठरवली आहे. सकाळी जायचे, संध्याकाळी परत. “नाहीतर गाडी विकावी लागली असती, सर. मग दोघंही गेलो असतो. आता निदान मी तरी आहे.” थोडा वेळ पान्याचा आवाज आला. मग तो म्हणाला, “नऊ वर्षांत ती एकदाही चुकीचं वळण बोलली नाही. ते ‘कापू नको’सुद्धा माझ्या घाईमुळं झालं. तिला सांगू नका.”

आम्ही सांगितले नाही. पण परतताना तुर्भे ते नेरूळ या अंतरात आम्ही एकमेकांशीही फारसे बोललो नाही. आता या ‘आम्ही’विषयी सांगायला हवे.

पूर्णवेळ अध्यापकाला आठवड्याला सोळा तासांचा कार्यभार लागतो. आमच्या विभागात दोघांचे मिळून बत्तीस भरत असत. कधी काळी अधिकही. विद्यार्थी घटले, अभ्यासक्रमाची रचना बदलली, शंभर गुणांचे पेपर लहान घटकांत वाटले गेले, आणि गेल्या वर्षी बेरीज एकोणीस तासांवर आली. एकोणीसात एकच आसन बसते. दुसऱ्याला संस्थेच्या दुसऱ्या महाविद्यालयात पाठवायचे की तासिका तत्त्वावर उरलेले तीन तास द्यायचे, यावर बैठका चालू होत्या. त्या दुपारी गॅरेजात आम्हा दोघांच्याही मनात ती बेरीज होती. सतरा वर्षांत आमच्यापैकी एकाने लिहिलेला एकही कागद दुसऱ्याने वाचल्यावाचून बाहेर गेलेला नाही. एकाला जुनी पोथी वाचताना अडले की दुसरी विचारते, “पुढे काय आहे?” आणि दुसरीने एखाद्या नाटकावर फार वेगाने मत बनवले की पहिला म्हणतो, “बाहेर.” तिच्या वहीतला शब्द आम्ही त्या दिवसापासून उचलला आहे.

दोन गोष्टींची तुलना ओढूनताणून करू नये, हे आम्हांला कळते. गाडीतून आसन काढणाऱ्याने आधी सगळे वजन तोलून पाहिले, कुठले अंग हलके पडेल याचा विचार केला आणि ज्याला काढायचे त्याच्याविषयी गाडीखाली पडून का होईना, दोन शब्द काढले. एकोणीस ही बेरीज करणाऱ्या तक्त्यात अंग हलके पडण्याचा रकानाच नव्हता. रूपांतर म्हणजे काटछाट, असे समजणाऱ्यांना आम्ही यापुढे त्या गॅरेजात पाठवू.

मे महिन्याच्या शेवटी, पावसाच्या आधी, गाडीची चाचणी ठरली. पनवेलच्या पुढे एका परिचिताची मोकळी जागा होती. तिथे जाताना गाडी टेम्पोवर चढवून न्यावी लागली. दिवे नाहीत, भोंगा नाही, रस्त्यावर धावण्याचा अधिकार तिने सोडलेला. ज्या गाडीने घाट स्वतःच्या चाकांनी ओलांडले ती दोरखंडांनी बांधलेली आमच्या पुढे चालली होती. वाटेत आम्हांला १९६८ सालची गोष्ट आठवली. त्या वर्षी लंडन ते सिडनी अशी मोटारींची स्पर्धा झाली होती. लंडनहून निघालेल्या अठ्ठ्याण्णव गाड्यांपैकी बहात्तर दिल्लीमार्गे मुंबईपर्यंत पोहोचल्या आणि इथून ‘चुसान’ या बोटीवर चढून ऑस्ट्रेलियाला गेल्या. इतका रस्ता तुडवलेल्या गाड्यांनाही शेवटी बोटीवर बांधून घ्यावे लागले होते. त्यांना निदान पलीकडे उतरल्यावर पुन्हा रस्ता होता.

मैदानात चुन्याने मार्ग आखला होता. ओळखीच्या तिघांनी आपापल्या जुन्या गाड्या आणल्या होत्या. चारही एकदम सुटणार. भावाने एकट्याने पट्टे बांधले. नेहमी डाव्या बाजूचा पट्टा बहीण ओढून देत असे, तो त्याचा त्याला दोनदा ओढावा लागला. ती एका मातीच्या ढिगाऱ्यावर जाऊन उभी राहिली. तिच्या हातात बिनतारी संच होता.

रॅलीक्रॉसमध्ये एक गंमतीचा नियम आहे. मुख्य मार्गाला एक फाटा जोडलेला असतो, सहसा जरा लांबचा, आणि प्रत्येक चालकाला शर्यतीत एकदा त्या फाट्यावरून जावेच लागते. त्याला जोकर म्हणतात. तो कधी घ्यायचा यावर निकाल ठरतो: गर्दीतून सुटण्यासाठी आधी, की पुढे मोकळे झाल्यावर शेवटी? आत बसलेल्याला धुळीत आणि चिखलात मागचे-पुढचे काही दिसत नाही. म्हणून उंचावर एक माणूस उभा असतो आणि तो रेडिओवरून सांगतो. त्याला स्पॉटर म्हणतात. आम्हांला तो शब्द तिथेच प्रथम कळला. निवेदक कुठे जातो, या आमच्या प्रश्नाला ढिगाऱ्यावर एक उत्तर उभे होते. आपल्या संगीत नाटकाने सूत्रधार ठेवलाच होता की! तो गोष्टीच्या आत बसत नाही, कडेला उभा राहून तिला वळण देतो.

गाड्या सुटल्या. पहिल्या वळणावर एस्टीमला डावीकडून धक्का बसला, जिथे ती बसायची त्याच दारावर. आत नळ्या होत्या, बॅटरी होती. आमच्यापैकी एकीने डोळे मिटून घेतले. ढिगाऱ्यावरची व्यक्ती हललीही नाही. दोन फेऱ्या ती गप्प होती. तिसऱ्या फेरीला तिने संच तोंडाजवळ नेला आणि म्हणाली, “थांब.” अर्ध्या फेरीनंतर पुन्हा तेच. फाटा जवळ आला तेव्हा, “आता.” गाडी फाट्यावर वळली आणि दुसऱ्या दोघांनी एकमेकांना अडवून धरले होते त्या अवधीत बाहेर येऊन त्यांच्या पुढे निघाली. तिसरी आली होती ती दुसरी आली. बक्षीस वगैरे काही नव्हते, चाचणीच होती.

ती खाली उतरली तेव्हा तिचा आवाज बसलेला होता. “पूर्वी एका टप्प्याला चार-चार पानं वाचायचे,” ती म्हणाली. “आज तीन शब्द. घसा तेवढाच कोरडा पडला, मॅडम.” आम्ही विचारले, बरे वाटले का? तिने थोडा विचार केला. “दादाला दिसत नव्हतं ते मला दिसत होतं, ते बरं वाटलं. पण धक्का बसला तेव्हा मी आत नव्हते. त्याची सवय व्हायला वेळ लागेल.” ती इतके प्रांजळपणे बोलली की आमच्या सूत्रधाराच्या सिद्धान्ताचे काय करावे ते आम्हांला कळेना. उंचावरून दिसते खरे. शेजारी असण्याची जागा त्याने भरून निघत नाही. रूपांतर उत्तम झाले तरी मूळ कृती कुणीतरी गमावलेली असतेच, आणि ज्याने गमावली त्याला यशस्वी प्रयोगाच्या टाळ्या ऐकवून ती परत मिळत नाही. वर्गात ‘काय गमावले, काय कमावले’ अशी दोन रकान्यांची तुलना आम्ही फळ्यावर लिहीत आलो. कोणी गमावले, हा रकाना आम्ही आखलेला नव्हता.

ते आसन आता त्यांच्या घरी, कोपरखैरण्याच्या गॅलरीत आहे. त्याखाली एक पाट ठोकला आहे आणि त्यात बसून आई भाजी निवडते, असे तिने परवा सांगितले. वह्या मात्र तिने आमच्या हवाली केल्या. पुढल्या वर्षीच्या भाषाविज्ञानाच्या घटकात त्यांतली चार पाने लावावीत, असा आमचा विचार आहे. ‘कापू नको’पासून ‘बाहेर’पर्यंतचा प्रवास मुलांना एका तासात शिकवता येईल.

तो तास कोण घेईल, ते ज्येष्ठता यादीत लिहिलेले आहे. ती यादी आम्ही दोघांनीही पाहिली आहे आणि अद्याप एकमेकांशी तिच्याविषयी बोललेलो नाही. हा लेख मात्र नेहमीप्रमाणे एकाने लिहिला आणि दुसऱ्याने वाचून दुरुस्त केला. दोन ठिकाणी समासात ‘बाहेर’ असे लिहून आले होते. ती दोन वाक्ये काढून टाकली आहेत.